सात पंखे आणि एक धुपाटणं

हवेच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, एवढं आधीच सांगून ठेवतो! ऑगस्टात गाडीचं स्टिअरिंग धरायला फडकं लागतं आणि गार पाण्याच्या नळातून आधण येतं, अशा कुवेतात मी छत्तीस वर्षं काढलीत. गारवा कसा राखायचा, याचं बाळकडू आम्हाला पाळण्यातच मिळतं. त्यामुळे स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडायचा, आणि तोही ओव्हरक्लॉक करायचा, असं ठरवलं तेव्हा मी मनात म्हटलं, मिशारी, बाकी काही जमो न जमो, गारव्याची बाजू आपली भक्कम आहे.

ओव्हरक्लॉक म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. कारखान्याने प्रोसेसरला बजावलेलं असतं, बाबा रे, एवढ्याच वेगाने पळ. आपण त्याच्या कानाशी लागायचं, त्यांचं काय ऐकतोस, अजून पळ! मग तो पळतो. आणि असा तापतो की त्याच्यावर अंडं फोडलं तर भाजून निघेल! तेव्हा त्याला गार ठेवणं, हीच यातली खरी विद्या. या विद्येत हवल्लीच्या बाजारातल्या निदालचे केस पांढरे झाले होते. मी त्याच्या दुकानात गेलो.

"पाण्याने गार करणारा कूलर देऊ की हवेने?" निदालने विचारलं.

"दोन्ही दे!"

"बायका दोन करता येतात मिशारी, कूलर एकच बसतो. हवेचा घे. गळायची भीती नाही."

त्याने खोक्यातून एक बुरूजच काढला. तांब्याच्या सात नळ्या, त्यांच्यावर चढवलेल्या शेकडो पातळ पट्ट्या, किलोभर वजन. आणि हे सगळं कशासाठी, तर पोस्टाच्या तिकिटाएवढ्या एका चिपसाठी! माणसाच्या डोक्यात काय काय येतं हो! मी तो बुरूज दोन्ही हातांत धरून नुसता बघत राहिलो.

"पंखे किती?" निदालने मला जागं केलं.

"सात."

"सात? चालवायचाय की उडवायचाय?"

"दिसायला नको का, निदाल? काचेची पेटी आहे!"

"बरं, सात घे. पण एक ऐक. हवा पुढून आत आणि मागून, वरून बाहेर. पंख्याच्या कडेला बाण असतो, तो बघून लाव."

"तू मला हवा शिकवतोस?"

निदालने छातीवर हात ठेवून मान झुकवली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

कॉम्प्युटर मी आमच्या दिवाणियात मांडला. दिवाणिया म्हणजे पुरुषांची बैठक. रस्त्याकडे वेगळं दार, भिंतीलगत गाद्या, आणि घरातला सगळ्यात दणकट एसी. चार वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हापासून तिथला यजमान मीच. पुढे तीन पंखे, वर तीन, मागे एक. बसवताना ध्यानात आलं की पंख्याला एक देखणी बाजू असते आणि एक बाजू आडव्या दांड्यांची, अगदी भाजीच्या टोपलीसारखी. आता काचेतून पाहुण्यांना टोपली दाखवायची का? पुढच्या तिन्ही पंख्यांची देखणी बाजू मी आतल्या अंगाला, काचेतून दिसेल अशी फिरवली. बाण? बाण बघतो कोण!

बटण दाबलं. सातही पंखे एकदम फिरले, निळा उजेड पसरला, आणि पडद्यावर आकडा चढत चढत पाच पॉइंट सातवर गेला. अंगावर काटा आला! एका सेकंदात पाचशे सत्तर कोटी ठोके, माझ्या बैठकीत, माझ्या हातून! मी खरंच उठून उभा राहिलो. सात मिनिटांनी तापमान शंभरावर गेलं आणि सगळं फट्‌दिशी बंद पडलं.

"दादा, काय जळतंय?" दारातून माझी बहीण लुलवा आत आली.

लुलवा इंजिनियर. मोठमोठ्या इमारतींच्या एसीचे डक्ट तपासते. गच्चीवर चढते, गरज पडली तर डक्टमध्ये सरपटत शिरते. घरात तिच्याशी हवेवर बोलायचं नाही, असा माझा नियम होता.

"काही जळत नाहीये. जरा गरम होतंय," मी म्हणालो.

तिने वाकून पाहिलं. "हवा आत कुठून येते?"

"पंखे फिरतायत ना? मग येतेच आहे."

"फिरणं वेगळं, येणं वेगळं. धूर धरून बघ. आम्ही डक्ट तसेच तपासतो. धूर कधी खोटं बोलत नाही." मग ती एकदम थांबली. "पण आज नको हं, दादा. आज काही म्हणजे काही करू नकोस. हात जोडते."

तिचं बरोबर होतं. त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर दुऐजच्या घरची माणसं तिला मागणी घालायला येणार होती. लुलवा आणि दुऐज दोन वर्षं या दिवसासाठी थांबले होते. अडलं होतं दुऐजच्या आजोबांपाशी, बू जर्राह यांच्यापाशी. जुन्या रीतीचा माणूस, वडील गलबतावरचे नाखवा, स्वतः करारी. "डक्टमध्ये शिरणारी नातसून?" एवढं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता. दोन वर्षांनी कसेबसे राजी झाले होते. लुलवाने त्या दोन वर्षांत तीन स्थळं परत पाठवली होती, आणि आईने प्रत्येक वेळी उशीत तोंड खुपसून रडून घेतलं होतं. म्हणजे त्या दिवशी माझं काम एकच, पाहुण्यांना नीट बसवायचं, म्हातारबुवांनी मागणी घातली की "दिली" म्हणायचं. गाढवालासुद्धा जमलं असतं!

पण आईने मध्येच सुचवलं, "अरे, तुझे वडील आणि बू जर्राह एकदा मासेमारीला गेले होते, त्याचे फोटो आहेत बघ. मोठ्या पडद्यावर लाव. म्हाताऱ्याला बरं वाटेल."

झालं! पाचशे सत्तर कोटी ठोक्यांवर मी बारा फोटो लावले.

अकरा जण आले. मधोमध बू जर्राह, पांढराशुभ्र रुमाल डोक्यावर, हातात काठी. कॉफी दिली. म्हातारबुवांनी पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला. ही त्यांची जुनी रीत, मागणीला होकार मिळेपर्यंत यजमानाची कॉफी ओठांना लावायची नाही. बाकीच्या दहांनीही पेले ठेवले. दाराच्या पडद्याआड आई गळा साफ करत होती, होकार कानी पडला की जिभेने आनंदाचं लुलुलु करायचं म्हणून. लुलवा तिच्यामागे उभी असणार.

बू जर्राह खाकरले. "मिशारी, तुझे वडील माझ्या भावासारखे..."

नेमके तेव्हाच पंखे किंचाळायला लागले! पडद्याच्या कोपऱ्यात आकडा. ब्याण्णव. चौऱ्याण्णव. शहाण्णव. आता वडिलांचा फोटो समोर असताना पडदा काळा पडला तर? केवढा अपशकुन! मला लुलवाचं वाक्य आठवलं, धूर कधी खोटं बोलत नाही. शेजारच्या चहाच्या खोलीत आईने वडिलांचं धुपाटणं तयार ठेवलं होतं, निखारे फुललेले, बाजूला उत्तम ऊद. दहा सेकंदांचं काम! "आलोच, काका," असं म्हणून मी गेलो, निखाऱ्यावर ऊद टाकला, आणि धुपाटणं घेऊन भर बैठकीत आलो.

आता आमच्याकडचं शेंबडं पोरही जे जाणतं ते तुम्हाला सांगायला हवं. ऊद सगळ्यात शेवटी. जेवण झालं, कॉफी झाली, बोलणी झाली, की यजमान ऊद फिरवतो, पाहुणे रुमालाला धूर देतात आणि निघतात. ऊदानंतर बसायचं नसतं. शब्दाने कोणी कोणाला जा म्हणत नाही, ते काम ऊद करतो.

आणि मी, न जेवलेल्या, कॉफीला न शिवलेल्या, अर्ध्या वाक्यात थांबलेल्या माणसासमोर धुपाटणं घेऊन उभा!

माझ्या ते डोक्यातच आलं नाही. मी थेट कॉम्प्युटरपाशी गुडघे टेकले होते. पेटीच्या पुढे धूर धरला आणि काय सांगू! धूर आत जाईचना! पुढच्या तिन्ही पंख्यांनी तो माझ्याच तोंडावर भिरकावला. वर धरला, वर उडाला. मागे धरला, मागे पळाला. सातच्या सात पंखे हवा बाहेर काढत होते, आत कोणी येतच नव्हतं! कसलं दृश्य होतं ते! इतकी वर्षं मी हवेत राहिलो, हवा मला दिसली ती त्या दिवशी.

"सुब्हानल्लाह!" मी ओरडलो आणि कौतुकाने मागे वळलो.

अकराही जण उभे होते. बू जर्राहांचा चेहरा दगडासारखा. रीत म्हणून ते पुढे आले, रुमालाचं टोक धुरावर धरलं, आणि म्हणाले, "अल्लाह तुमचं घर भरलेलं ठेवो." मग काठी टेकत निघून गेले. त्यांच्यामागून एकेकाने रुमाल धुरावर धरला आणि एकेक जण गेला. शेवटचा दुऐज. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

मी अनवाणी रस्त्यावर धावलो. "काका! ऊद तुमच्यासाठी नव्हता! कॉम्प्युटरसाठी होता!"

गाडीची काच अर्धी खाली आली. "माझी कॉफी निवली, आणि तू यंत्राला ऊद देत होतास?" काच वर गेली.

परत आलो तेव्हा बैठकीत अकरा भरलेले पेले आणि मधोमध आई. आतमध्ये बारा पापलेटांचा भात वाफाळत होता.

"तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं! मिशारी, हे तुझ्याकडे बघूनच कोणीतरी लिहून ठेवलंय रे!" आई म्हणाली आणि मटकन खाली बसली.

लुलवाने डोळे पुसले, पेटीपाशी वाकली, आणि फक्त एवढंच म्हणाली, "पुढचे तीन उलटे आहेत, दादा." मग आपल्या खोलीत गेली आणि कडी लावली. आईने मला अख्खा दिवस फैलावर घेतलं असतं तरी चाललं असतं, पण ती कडी माझ्या जिव्हारी लागली.

त्या संध्याकाळी मी तिन्ही पंखे बाण बघून सुलटे बसवले. चालू केलं. एकसष्ट! आकडा एकसष्टाच्या वर जाईना! एरवी नाचलो असतो.

दुसऱ्या दिवशी लुलवाने दाराआडून बजावलं, "त्यांच्या दिवाणियात जा आणि माफी माग. एकटा जा. कॉम्प्युटर न घेता."

आता मला सांगा, कॉम्प्युटर न घेता त्यांना पटणार कसं? मी पेटी पुढच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा लावला आणि निघालो.

बू जर्राहांच्या बैठकीत दहा-बारा म्हातारे पत्ते खेळत होते. सगळ्यात मोठा आवाज शायाचा, म्हातारबुवांचा बालमित्र. मी रीतीप्रमाणे काकांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. ते म्हणाले, "बस. चहा घे." चहा गरम होता, त्यांचा आवाज गार होता. बसले होते आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात, आणि घामाने निथळत होते. इतरांना एसी, त्या एका कोपऱ्यात वारा म्हणून नाही.

"काका, पाचच मिनिटं. डोळ्यांनी बघा, मग हवं तर हाकलून द्या," मी म्हणालो. पेटी गालिच्यावर ठेवली, वायर जोडली, पंखे फिरले. घरून आणलेल्या धुपाटण्यात काकांच्या चहावाल्याकडून निखारा घेतला आणि सोबतचा ऊद त्यावर टाकला.

आणि बैठक उभी राहिली.

पत्ते हातात, डाव अर्धा, शायाच्या हातात हुकमाचा एक्का! पण ऊद पेटला म्हणजे पेटला. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पानं खाली ठेवली, आणि रांगेने माझ्याकडे येऊन रुमालाला धूर घ्यायला लागले.

"अहो बसा! बसा ना! हा त्या कामाचा नाही!"

"पोरा, ऊदानंतर बसायचं नसतं," शायाने मला समजावलं, दाढीला धूर दिला आणि चपला शोधत गेला. दोन मिनिटांत बैठक ओस पडली. दोन दिवसांत दोन घरं रिकामी! मी धुपाटणं हातात धरून पेटीपुढे तसाच बसून राहिलो. आता लुलवाला काय सांगू? आता तर सगळंच संपलं.

बू जर्राह दाराकडे बघत होते. "शायाही गेला?"

"हो काका. चूक झाली, काका."

"शाया," ते स्वतःशीच पुटपुटले, "शाया कधी जेवल्याशिवाय उठत नाही."

मग त्यांची नजर पेटीकडे गेली आणि तिथेच राहिली. माझा हात अजून पुढच्या पंख्यांसमोर होता. धुराचे तीन पट्टे सरळ, शिस्तीत आत शिरत होते, तांब्याच्या नळ्यांमधून वळत होते, पट्ट्यांतून विंचरल्यासारखे बारीक होत होते, आणि मागून, वरून एकत्र होऊन बाहेर पडत होते. निळ्या उजेडात सगळं दिसत होतं. आवाज नाही, गडबड नाही. म्हातारबुवांनी काठी टाकली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी गालिच्यावर बसले. माझ्या शेजारी.

"हा वारा आहे," ते हळूच म्हणाले.

"हो, काका."

"माझे वडील डोळे मिटून वारा ओळखायचे. मी लहान होतो, म्हणायचो, मला दिसत नाही. म्हणायचे, दिसत नसतोच, वेड्या." त्यांनी बोट धुरात धरलं. पट्टा बोटाला वळसा घालून पुन्हा आपल्या वाटेला लागला. "दिसतो की हा! अरे, दिसतो!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. ऊदाने असेल, मला माहीत नाही. 

"हे तुला सुचलं?" त्यांनी विचारलं.

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. जीभ वळलीसुद्धा होती! पण ती कडी आठवली. "नाही काका. लुलवाने सांगितलं. ती डक्ट तपासते ना, असाच धूर धरून. मी तिचं ऐकलं नाही, म्हणून काल ते सगळं झालं."

म्हातारबुवांनी रुमालाने मान पुसली. "माझ्या या कोपऱ्यात सहा वर्षं वारा येत नाही. चार मिस्त्री येऊन गेले. तिला विचार."

"फोनवर कसं कळणार तिला? यावं लागेल. पण बैठकीत पुरुष..."

"कुठायत पुरुष?" बू जर्राह म्हणाले. "तू सगळे घालवलेस."

आई आणि लुलवा आल्या. लुलवाने सलाम केला, धुपाटणं माझ्या हातातून घेतलं, आणि भिंतीकडेने चालायला लागली. कुठे धूर वर जातो, कुठे वळतो, कुठे अडतो, ते बघत. आम्ही तिघं तिच्या हाताकडे बघत मान फिरवत होतो. माझी एवढीशी बहीण, आणि सगळ्या खोलीतला वारा तिच्या मागे मागे! कोपऱ्यात काचेचं मोठं कपाट होतं, त्यात लाकडी गलबत, नाखव्याची आठवण. तिथे ती थांबली.

"काका, वारा इकडे यायला तयार आहे. पण हवा एका बाजूने आली की दुसऱ्या बाजूने तिला परत जायला वाट लागते. त्या वाटेची जाळी या कपाटामागे आहे. तुम्ही वाटेत गलबत उभं केलंय."

सहा वर्षं! मी आणि चहावाल्याने कपाट सरकवलं. म्हातारबुवा आपल्या जागी जाऊन बसले आणि वाट बघायला लागले. पाच मिनिटं काहीच नाही. मग त्यांच्या रुमालाचं टोक हललं. जरासं. पुन्हा हललं. त्यांनी डोळे मिटले.

"नाखव्याचा पोर मी," डोळे न उघडता ते म्हणाले, "आणि वाऱ्याच्या वाटेत गलबत घातलं." मग लुलवाकडे वळले. "उद्या मी तुमच्या घरी येतो."

"कशाला काका?" मी विचारलं. आईने मला चिमटा काढला.

"कॉफी प्यायची राहिलीय," बू जर्राह म्हणाले.

लुलवाने पटकन भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते, आणि या वेळी मला ते बघून भीती वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले, पेला समोर ठेवला, मागणी घातली. मी "दिली, दिली, दिली!" असं तीनदा म्हणालो, कारण आईने धुपाटणं कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं आणि मला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. म्हातारबुवांनी एका घोटात कॉफी संपवली. आईच्या लुलुलुने शेजारच्यांचं पोर झोपेतून उठलं. जुने पापलेट दोन दिवस आम्हीच खात होतो, पाहुण्यांसाठी ताजे आणले होते.

साखरपुडा होऊन आता चार महिने झालेत. माझा कॉम्प्युटर पाच पॉइंट सातवर चालतो, एकसष्टावर राहतो, आणि आत शिरलेल्या ऊदामुळे चालू केला की घमघमतो. असं यंत्र अख्ख्या कुवेतात कोणाकडे नसेल. त्याच्यावर काय काय करायचं म्हणून मी केवढे बेत केले होते!

काम मात्र एकच येतं. दर गुरुवारी संध्याकाळी फोन वाजतो आणि बू जर्राह अगदी हळू आवाजात म्हणतात, "मिशारी, शाया अजून बसलाय रे. तुझा कॉम्प्युटर घेऊन ये."